मेणबत्तीपाशी बसून शास्त्राची उजळणी



खेड्यापाड्यांतील कित्येक तरुण-तरुणींना काही ना काही कारणाने शाळा सोडावी लागते, आणि पुढे काही वर्षांनी त्यांस पुन्हा पुस्तक हाती धरावेसे वाटते. इतिहास व भूगोल मनुष्य एकट्याने वाचून काढू शकतो. परंतु पदार्थविज्ञान व रसायन ह्या दोन विषयांपाशी आला म्हणजे त्याचे पाऊल अडते. शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांचा अर्थ हाती लागत नाही. सायंकाळी वस्तीतील मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंची व शिक्षिका भगिनींचीही हीच अडचण आहे, असे आमच्या पाहण्यात आले आहे. सबब ह्या दोन शास्त्रांच्या मूळ कल्पनांची उजळणी शिक्षकाच्या साह्याने कशी करावी, हे आम्ही एका उदाहरणाने सांगू इच्छितो.

आमच्या शेजारच्या वस्तीतील एक मुलगी दहावी उत्तीर्ण होऊन चार वर्षे घरीच होती. तिचे वडील विहिरींचा गाळ काढण्याचे काम करितात. यंदा तिने अकरावीच्या विज्ञान शाखेत नाव घालण्याचे ठरविले आणि उजळणीसाठी ती आमच्याकडे येऊ लागली. पहिल्या दिवशी आम्ही विचारले, "मूलद्रव्य म्हणजे काय?" तिने व्याख्या घडाघडा म्हणून दाखविली. मग आम्ही म्हटले, "बरे, आता ह्या खोलीतले एखादे मूलद्रव्य दाखव पाहू." ती इकडेतिकडे पाहून गप्प राहिली, आणि मान खाली घालून म्हणाली, "गुरुजी, हे आमच्या पुस्तकात नव्हते."

तिच्यासमोर पाण्याने भरलेला तांब्याचा तांब्या होता, चुलीशेजारी कोळसा होता आणि नाकासमोर हवा होती. व्याख्या तोंडात होती व वस्तू डोळ्यांपुढे होती, पण दोहोंची गाठ कोणी घालून दिली नव्हती. ही गाठ घालून देणे हेच उजळणीत शिक्षकाचे काम होय. आणि शिक्षकाने ते सांगून नव्हे तर विचारून करावयाचे असते.

ह्याविषयी एक जुना दाखला आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा इंग्लंडात १७९१ साली जन्मला. त्यास शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. चौदाव्या वर्षी तो लंडनातील एका पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानी उमेदवार राहिला. तेथे बांधणीस येणारी पुस्तके तो वाची. त्यांत जेन मार्सेट ह्या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्रावरील संवादांचे एक पुस्तक होते. ते प्रथम १८०६ साली निघाले. त्यात एक शिक्षिका दोन मुलींना रसायन शिकविते. मुली शंका काढितात, चुकतात, पुन्हा विचारितात. फॅरडेने नुसते वाचले नाही. जवळच्या थोड्या पैशांत जे प्रयोग करिता येतील ते करून पुस्तकातील गोष्टी खऱ्या आहेत की नाहीत हे त्याने पडताळून पाहिले. पुढे १८१३ साली तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेत साहाय्यक झाला, आणि १८३१ साली त्याने चुंबकापासून विजेचा प्रवाह निर्माण करण्याचे तत्त्व शोधून काढिले. आज आपल्या घरी येणारी बहुतेक वीज ह्याच तत्त्वावर तयार होते. तो एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा सभासद व वडीलही होता, हे आमच्या वाचकांस जाणून संतोष वाटेल. म्हातारपणी, १८६०-६१ च्या नाताळात, त्याने मुलांपुढे सहा व्याख्याने दिली; ती सर्व एका मेणबत्तीवर होती. संवादातून रसायन शिकविण्याची ही रीत आपल्या मराठीतही जुनीच आहे. त्याच शतकाच्या पूर्वार्धात हरि केशवजी ह्यांनी रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक मराठीत आणिले होते.

आम्हीही मेणबत्तीच निवडली. सामान एवढेच होते: एक मेणबत्ती, काड्यांची पेटी, काचेचा पेला, एक ताटली, पाणी, आणि विड्यास लावावयाच्या चुन्याची निवळी. चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा व सकाळी वरचे स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावे, म्हणजे निवळी तयार होते. ती डोळ्यांत जाऊ देऊ नये. आमचा नियम असा होता की, प्रत्येक प्रयोगापूर्वी मुलीने "काय होईल" ते सांगावे, नंतर प्रयोग करावा, आणि शेवटी आम्ही "हे कशावरून?" असे विचारावे.

१. जळते ते काय?

मेणबत्ती पेटविली. वातीभोवती मेण वितळून वाटीसारखे तळे झाले. त्यातले थोडे ताटलीत सांडले; ते निवून पुन्हा घट्ट झाले.

आम्ही विचारले, "हा बदल कोणत्या जातीचा?"

"भौतिक, गुरुजी. मेण होते ते मेणच राहिले."

"आणि ज्योत?"

"ती रासायनिक. तेथे मेण जळते."

"घट्ट मेण जळते, पातळ जळते, की आणखी काही?"

तिने "पातळ" असे उत्तर दिले. आम्ही मेणबत्ती फुंकून विझविली. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर निघाली. लगेच पेटती काडी वातीस न लाविता त्या धुराच्या रेघेत बोटभर उंचीवर धरिली, तोच ज्योत धुरातून खाली उडी मारून वातीस लागली. मुलगी दचकून मागे सरली, मग हसली, आणि तिने तोच प्रयोग तीन वेळा केला. ती पांढरी रेघ मेणाच्या वाफेची होती. वाफ थंड होऊन तिचे सूक्ष्म कण झाले म्हणून ती डोळ्यांस दिसली. अशा रीतीने घन, द्रव व वायू ह्या पदार्थाच्या तिन्ही अवस्था एका मेणबत्तीत सापडल्या, आणि ज्योतीत जळते ती वाफ, हेही कळले.

२. मेण कोठे गेले?

मेणबत्ती अर्धी संपली तेव्हा आम्ही विचारले, "उरलेले मेण कोठे गेले?"

"जळून नाहीसे झाले."

"नाहीसे झाले हे कशावरून?"

"दिसत नाही म्हणून."

"वाराही दिसत नाही. तो नाहीसा झाला काय?"

आता कोरडा, थंड पेला ज्योतीवर पालथा धरिला. क्षणात त्याच्या आतल्या अंगावर धुके जमले. तिने बोट फिरवून पाहिले. ते पाणी होते. मग दुसरा कोरडा पेला ज्योतीवर काही वेळ पालथा धरून झटकन उलटा केला, त्यात चुन्याची निवळी घालून वर हात झाकून हलविली. स्वच्छ निवळी दुधासारखी पांढुरकी झाली. निवळीस असे पांढरे करणारा वायू कार्बन डायऑक्साइड होय. तीच निवळी नळीने फुंकली तरी पांढरी होते, कारण आपल्या उच्छ्वासातही तोच वायू असतो.

येथे मूळ शब्दांचा अर्थ उलगडला. मेणात मुख्यत्वे दोन मूलद्रव्ये आहेत, कार्बन व हायड्रोजन. ज्याचे रासायनिक रीतीने आणखी साधे पदार्थ होत नाहीत ते मूलद्रव्य. जळताना कार्बन हवेतील प्राणवायूशी, म्हणजे ऑक्सिजनशी, संयोग पावून कार्बन डायऑक्साइड होतो, आणि हायड्रोजन प्राणवायूशी संयोग पावून पाणी होते. ही दोन संयुगे. त्यांतील घटकांचे प्रमाण ठरलेले असते. कार्बनच्या अणूचे वजन १२ धरिले तर प्राणवायूच्या अणूचे १६ व हायड्रोजनच्या अणूचे १ भरते. म्हणून १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम प्राणवायू घेऊन ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो, आणि २ ग्रॅम हायड्रोजन १६ ग्रॅम प्राणवायू घेऊन १८ ग्रॅम पाणी होते. हवा मात्र मिश्रण होय. कोरड्या हवेच्या आकारमानात सुमारे ७८ टक्के नत्रवायू, म्हणजे नायट्रोजन, आणि सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो.

मग आम्ही तिला एक हिशेब घातला. मेणात शंभरात सुमारे ८५ भाग कार्बन व १५ भाग हायड्रोजन धरावे. १०० ग्रॅम मेण पूर्ण जळाले तर काय होईल? पाटीवर मांडता मांडता तिचे डोळे विस्फारले. सुमारे ३१० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १३५ ग्रॅम पाणी! जे मेण "नाहीसे" झाले असे ती म्हणत होती, त्याच्या चौपटीहून अधिक वस्तुमान खोलीत जमा झाले होते. कारण त्यात हवेतील सुमारे ३४५ ग्रॅम प्राणवायूची भर पडली होती. रासायनिक बदलात द्रव्य नष्टही होत नाही आणि नवे उत्पन्नही होत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए ह्याने बारकाईने तोलून दाखविले व १७८९ साली आपल्या ग्रंथात मांडिले. हा नियम तिला पाठ होता. त्या दिवशी तो तिला पटला.

३. पाणी का चढले?

ताटलीत मेणबत्ती उभी करून भोवती पाणी ओतले, ती पेटविली आणि वर पेला पालथा घातला. थोड्या वेळाने ज्योत मंद होऊन विझली व पाणी पेल्यात चढले. मुलगी लगेच म्हणाली, "प्राणवायू जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. आम्हांला असेच शिकविले होते."

वाचकहो, हे उत्तर अनेक ठिकाणी शिकविले जाते, आणि पुष्कळ वर्षे आम्हीही असेच शिकवीत होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. पण ते बरोबर नाही. आम्ही तिला एवढेच म्हटले, "प्रयोग पुन्हा कर, आणि पाणी केव्हा चढते ते पाहा." तिने पाहिले. ज्योत जळत असता पाणी फारसे हलले नाही. ज्योत विझल्यावर मात्र ते भराभर वर चढले. जर प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढत असते, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढावयास हवे होते.

खरे कारण हे की, ज्योतीने पेल्यातील हवा तापून प्रसरण पावते, आणि पेला ठेविताना तिचा काही भाग काठाखालून बाहेर पडतो. कधी कधी त्याचे बुडबुडे दिसतात. ज्योत विझताच आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास आत ढकलितो. प्राणवायू सर्व संपतही नाही. तो सुमारे १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

"मग पाणी वर ओढले जात नाही?" तिने विचारले.

नाही. पाणी ढकलले जाते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो, आणि तो पाण्याचा सुमारे दहा मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरू शकतो. म्हणून वर ठेविलेला ओढपंप कितीही जोरदार असला तरी दहा मीटरांहून खोल पाणी त्यास चढविता येत नाही; व्यवहारात सात-आठ मीटरांवरच तो थकतो. "म्हणूनच आमच्याकडे इंजिन विहिरीत खाली उतरवितात," ती म्हणाली. तिच्या बोलण्याचे महत्त्व तेव्हा आमच्याही ध्यानात पुरतेसे आले नाही.

४. उष्णता व तापमान

हे दोन शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरितात. ज्योतीचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर स्नानाच्या कढत पाण्याचे पन्नासही नसते. तथापि १० लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांवर नेण्यास २,५०,००० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम मेण पूर्ण जळून सुमारे १०,००० कॅलरी मिळतात. म्हणजे सर्व उष्णता पाण्यातच गेली असे मानिले तरी २५ ग्रॅम मेण जाळावे लागेल. पदार्थ किती तप्त आहे हे तापमान सांगते. तो तापविण्यास किती ऊर्जा लागली हे उष्णतेच्या मापाने कळते.

५. विहीर

शेवटच्या दिवशी घनतेची उजळणी होती. हवेच्या रेणूंचे सरासरी वजन सुमारे २९ भरते व कार्बन डायऑक्साइडचे ४४. म्हणून तो हवेच्या दीडपट जड. आम्ही विचारले, "असा वायू जेथे वारा खेळत नाही अशा खोल जागी उत्पन्न झाला तर कोठे राहील?"

"तळाशी," ती म्हणाली. आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुरुजी, बाबा उतरण्यापूर्वी कंदील खाली सोडतात. तो विझला नाही तर उतरतात."

आम्ही पाटी बाजूस ठेविली आणि दोघांनी मिळून विचार केला. कंदील विझला तर काय कळते? प्राणवायू फार कमी आहे. उतरणे म्हणजे मरण. कंदील जळत राहिला तर काय कळते? प्राणवायू ज्योतीपुरता आहे, एवढेच. परंतु ज्योत विझण्याच्या सुमारासच मनुष्याचा श्वास जड होऊ लागतो व विचार मंदावतो. प्राणवायू दहा टक्क्यांच्या खाली गेला तर तो लवकरच बेशुद्ध पडतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइड व कुजक्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हे विषारी वायू ज्योत न विझविताही माणसास मारितात. गाळातून मिथेन निघत असेल तर उघड्या ज्योतीने भडका उडेल.

"आणि विहिरीत उतरविलेले इंजिन?" आम्ही विचारले. उत्तर तिनेच शोधिले. अपुऱ्या प्राणवायूत इंधन जळाले म्हणजे कार्बन मोनॉक्साइड होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट जडतो. त्याच्या रेणूचे वजन २८, म्हणजे हवेइतकेच. म्हणून तो तळाशी न बसता सर्वत्र पसरतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणारी माणसे सकाळी उठत नाहीत, ती ह्याच वायूमुळे.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "गुरुजी, तीस वर्षं कंदिलावर काम केलं. पोरगी म्हणते, कंदील खोटा."

आम्ही म्हटले, "कंदील खोटा नाही. तो एकच गोष्ट सांगतो, आणि आपण त्याच्यापासून चार गोष्टींची हमी मागतो." मग जे सांगावयाचे ते सांगितले. जळते इंजिन विहिरीत उतरवू नये. विजेचा पाणबुडी पंप वापरावा. जुन्या, झाकलेल्या वा गाळाच्या विहिरीत, धान्याच्या पेवात किंवा शौचालयाच्या टाकीत वायू मोजणाऱ्या यंत्राने तपासल्यावाचून व यंत्राने ताजी हवा सोडल्यावाचून उतरू नये. अंगास दोर बांधावा व वर ओढणारी माणसे असावीत. संरक्षक साधनांवाचून टाकी साफ करावयास लावणे हे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, खाली कोणी पडला तर त्याच्या मागोमाग कोणीही उडी घेऊ नये. १०१ अथवा ११२ ह्या क्रमांकावर साह्य मागवावे. एकास वाचविण्यास भाऊ उतरतो, भावास वाचविण्यास मुलगा उतरतो, आणि एका घरातून तीन प्रेते निघतात.

ते बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. "यंत्र भाड्यानं कोण देईल?" एवढेच त्यांनी विचारले. ते योग्यच होते. ग्रामपंचायतीने व गावकऱ्यांनी मिळून त्याची तजवीज करावी, असे आमचे मत आहे, आणि वाचकांनी आपापल्या गावी हा प्रश्न काढावा. जाताना ते म्हणाले, "इंजिन तर आता उतरवीत नाही." त्यांची मुलगी अकरावीत दाखल झाली आहे.

उजळणी करणारांस सूचना

शिक्षक मिळविण्यास पदवीधरच पाहिजे असे नाही. वस्तीतील माध्यमिक शाळेचे गुरुजी, बाई, अथवा बारावीत शिकणारी पुतणीही चालेल. वयाने मोठ्या माणसाने लहानापाशी विचारण्याची लाज धरू नये. एका बैठकीत एकच कल्पना घ्यावी. उत्तर आधी स्वतः द्यावे, मग प्रयोग करावा. चुकलेले उत्तर खोडून न टाकता वहीत तसेच ठेवून त्याखाली चूक कशी कळली ते लिहावे. आणि शिक्षकाने सांगितले म्हणून काही मानू नये; "हे कशावरून?" हा प्रश्न शिक्षकासही विचारावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दुधाचे दही होणे, मीठ पाण्यात विरघळणे, लोखंड गंजणे व बर्फ वितळणे: ह्यांत रासायनिक बदल कोणते, व कशावरून?

२. आपल्या घरात असलेली दोन मूलद्रव्ये, दोन संयुगे व दोन मिश्रणे दाखवा.

३. २४ ग्रॅम कार्बन पूर्ण जळण्यास किती प्राणवायू लागेल, व किती कार्बन डायऑक्साइड होईल?

४. तुमच्या गावातील कोणत्या जागी वारा खेळत नाही? तेथे कोण उतरतो, आणि त्यास हे कोणी सांगितले आहे काय?